विदर्भातील ग्रामीण महाविद्यालयांसाठी टेलिमेडिसिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलिमेडिसिन म्हणजे नेमके काय? ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणे त्यात येते का?

नोंदणीकृत डॉक्टरांनी फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवरून तक्रार ऐकून सल्ला देणे आणि गरज असेल तर औषधाची चिठ्ठी देणे म्हणजे टेलिमेडिसिन. देशात त्याची नियमावली २५ मार्च २०२० रोजी लागू झाली. त्या नियमावलीला व्हॉट्सअ‍ॅप वर्ज्य नाही. पण समोरची व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर हवी, तिने तुमचे नाव-वय विचारलेले हवे, सल्ल्याची नोंद ठेवलेली हवी आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. मेडिकलवाल्याने फोटो पाहून सांगितलेली गोळी किंवा कंपाउंडरने पाठवलेला मेसेज यात बसत नाही, तो माणूस कितीही अनुभवी असला तरी.

आमच्या गावात दवाखाना आहे. मग याची गरज काय?

ताप, जुलाब, जखम यासाठी गावचा दवाखानाच बरा. अडचण येते ती त्वचा, मानसोपचार, स्त्रीरोग अशा तज्ज्ञांची. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, भामरागडहून गडचिरोली त्याहून लांब. एवढ्या वाटेने पाच मिनिटांच्या तपासणीला जायचे म्हणजे विद्यार्थ्याचा दिवस बुडतो, सोबतच्या पालकाची मजुरी जाते आणि भाडे वेगळेच. म्हणून बहुतेक जण दुखणे परीक्षा संपेपर्यंत अंगावर काढतात.

दोन फेऱ्या टेलिमेडिसिनने वाचू शकतात. एक म्हणजे ‘हे दाखवायला जायला हवे का?’ एवढे विचारण्यासाठीची पहिली फेरी आणि दुसरी म्हणजे रिपोर्ट दाखवायची किंवा औषध पुढे चालू ठेवायची फेरी. मधली फेरी, म्हणजे हात लावून तपासण्याची, सहसा वाचत नाही. ती वाचवून दाखवतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

ई-संजीवनी घरून वापरावी की उपकेंद्रात जाऊन? दोन्हींत फरक काय?

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. तिचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात तुम्ही स्वतःच्या मोबाइलवरून थेट डॉक्टरांशी बोलता. ही सोय एप्रिल २०२० पासून आहे. दुसऱ्यात तुम्ही आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाता. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी (सगळे त्यांना सीएचओ म्हणतात) रक्तदाब, ताप, वजन मोजतात आणि तुमच्या शेजारी बसून मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरांशी जोडून देतात.

जमत असेल तर दुसराच रस्ता धरा. डॉक्टरांना आकडे मिळतात, सांगताना काही सुटले तर सीएचओ भर घालतात आणि चिठ्ठीतले औषध तिथे शिल्लक असेल तर लगेच मोफत मिळते. घरात माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्रास मराठीत मांडणे कधी कधी जड जाते, तेव्हा शेजारी बसलेल्या स्थानिक माणसाची फार मदत होते. घरून बोलणे सोयीचे पडते ते मुख्यतः फेरतपासणीसाठी, रिपोर्ट दाखवण्यासाठी आणि गावात कोणाला कळू नये अशा तक्रारींसाठी.

मोबाइलवरून नंबर कसा लावायचा?

ई-संजीवनीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. मग नाव, वय, जिल्हा भरून नोंदणी करा. चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) असेल तर जोडा, म्हणजे नोंदी एका जागी राहतात. तक्रार आणि ती किती दिवसांपासून आहे ते लिहा, जुनी चिठ्ठी किंवा रिपोर्ट असेल तर फोटो जोडा. ओपीडी निवडताना राज्य महाराष्ट्रच आहे ना, ते पाहा. सामान्य ओपीडी आणि तज्ज्ञांच्या ओपीडीच्या वेळा वेगळ्या असतात आणि त्या तिथेच दिसतात. नंबर लागला की रांगेत थांबायचे. बोलणे संपल्यावर ई-चिठ्ठी येते, ती लगेच उतरवून ठेवा.

गाडी अडते ती बहुतेक वेळा पुढच्या गोष्टींवर. ओटीपी येईपर्यंत रेंज जाते आणि त्याची मुदत संपते. कॅमेरा-माइकची परवानगी पहिल्यांदा ‘नको’ म्हणून दाबलेली असते, मग डॉक्टर दिसतात पण तुमचा आवाज जात नाही. ती परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. रांगेत असताना स्क्रीन बंद पडली किंवा बॅटरी सेव्हर चालू असला तर जोडणी तुटते आणि नंबर पुन्हा लावावा लागतो. मध्येच साधा कॉल आला तरी तेच होते. दुसरे सिम असेल तर तेवढ्या वेळापुरते बंद ठेवा.

रेंज धड नाही. व्हिडिओ चालला नाही तर?

साध्या दर्जाच्या व्हिडिओला मिनिटाला पाच ते दहा एमबी डेटा लागतो, म्हणजे दहा मिनिटांच्या बोलण्याला शंभर एमबी धरून चाला. डेटा त्यामानाने पुरतो. त्रास देते ती वर-खाली होणारी रेंज. गच्चीवर किंवा खिडकीशी बसा आणि हॉटस्पॉटवर चार जण जोडलेले असतील तर त्यांना उतरवा. सकाळी लवकर नंबर लावलेला बरा, कारण संध्याकाळी आख्खे हॉस्टेल मोबाइलवर असते.

व्हिडिओ तुटला तर डॉक्टर आवाजावर बोलू शकतात, पण मग औषधांवर मर्यादा येते. नियमावलीत औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून लिहिता येतात. त्वचेची काही मलमे, डोळ्यांचे-कानाचे काही थेंब अशी औषधे पहिल्याच भेटीत लिहायची असतील तर व्हिडिओ लागतो. आधी प्रत्यक्ष तपासून चालू केलेल्या औषधाच्या जोडीला आणखी एखादे वाढवायचे असेल तर त्याची यादी वेगळी. शेड्यूल एक्समधली (म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेली) आणि अमली पदार्थविरोधी कायद्याखालची औषधे मात्र लिहिताच येत नाहीत. ‘झोपेची गोळी लिहून द्या’ म्हटल्यावर डॉक्टर नाही म्हणाले तर त्यामागे हे कारण असू शकते.

कोणत्या तक्रारी यावर नीट सुटतात?

पिंपल्स, केस गळणे, नायटा, खरूज, पाळीच्या बऱ्याच तक्रारी, अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, आधीच निदान झालेला दमा किंवा थायरॉइड, रक्ताचे रिपोर्ट समजून घेणे, गर्भनिरोधनाचा सल्ला, झोप न लागणे, परीक्षेची धास्ती, उदासपणा.

आणि कोणत्या तक्रारींसाठी फोनकडे बघूही नये?

छातीत दुखणे, धाप, झटका, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव, पोटात असह्य दुखणे. यासाठी १०८.

विदर्भात चार गोष्टी वेगळ्याने सांगाव्या लागतात.

साप आणि विंचू: नंबर लावण्यात एक मिनिटही घालवू नका. चिरा देऊ नका, दोरी आवळून बांधू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. मण्यार चावल्याची खूण कित्येकदा दिसतच नाही. जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे पोटात दुखून पापण्या जड व्हायला लागल्या, तर साप चावल्याची शंका घ्या.

फवारणी: सुटीत घरी गेलेली मुले कपाशीवर फवारायला जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरता येण्यासारखे नाही. फवारताना किंवा नंतर घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे सुरू झाले तर कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका.

ऊन: एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, नागपूर, अकोला पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेला मुलगा असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाकून वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून पाणी पाजू नका.

ताप: गडचिरोलीत आणि लगतच्या जंगलपट्ट्यात ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करायची. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात तपासणीचे किट असते. व्हिडिओवर मलेरिया दिसत नाही. पावसाळा सरताना ताप असेल आणि अंगावर काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असू शकतो. काख, जांघ, कमरपट्ट्याखाली पाहा आणि खपली सापडली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर ती नजरेतून सुटते.

बोलण्याआधी काय तयारी करावी?

डॉक्टरांना तुमच्यासाठी थोडीच मिनिटे मिळतात. कागदावर चार ओळी लिहून ठेवा: त्रास काय, कधीपासून, आधी कोणती औषधे घेतली (नाव आठवत नसेल तर पाकीट हातात ठेवा) आणि कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. मुलींनी शेवटच्या पाळीची तारीख लिहावी. ताप असेल तर थर्मामीटरवरचा आकडा आणि वेळ लिहा, ‘खूप ताप’ नको. वजन माहीत असू द्या, बऱ्याच डोसांचा हिशेब त्यावरून होतो.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा टाकून द्या. ऑक्सिमीटर लावताना नखाला नेलपॉलिश नको, मेंदी असेल तर ती नसलेले बोट घ्या, गार पडलेला हात चोळून गरम करा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. नीट मोजूनही आकडा ९४ च्या खाली असेल तर व्हिडिओची वाट न पाहता दवाखान्यात जा.

त्वचेचा फोटो पाठवला तर डॉक्टर ‘काही कळत नाही’ म्हणतात.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढा. आधी कॅमेऱ्याची काच पुसा. हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मे धूसरपण तिथेच जाते. दोन फोटो हवेत. पहिला दोन फुटांवरून, म्हणजे जागा कोणती ते कळेल. दुसरा जवळून, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळेल. अगदी चिकटून काढण्यापेक्षा थोडे लांब राहून दुप्पट झूम करा. सुंदर दिसण्याचे फिल्टर बंद करा, ते नेमके पुरळच पुसून टाकतात. आणि फोटो मलम लावण्याआधी काढा.

गुप्तांगाचा फोटो कोणाच्या खाजगी नंबरवर पाठवू नका. त्याची गरज पडते तेव्हा बहुधा प्रत्यक्ष तपासणीचीच गरज असते.

हॉस्टेलमध्ये सगळ्यांनाच खाज सुटली आहे. एकाने सल्ला घेतला तर चालेल का?

आधी दोन रोग वेगळे ओळखावे लागतात. नायटा गोल, कडेने लाल, मधून साफ दिसतो आणि बहुतेक वेळा जांघेत, कमरेला असतो. खरजेत बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती बारीक पुरळ येते आणि खाज रात्री वाढते.

खरजेला एकट्याचा उपचार फुकट जातो. डॉक्टरांनी परमेथ्रिन ५ टक्के मलम लिहिले, तर ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांसकट सगळीकडे रात्री लावायचे, ८ ते १४ तासांनी अंघोळ करायची आणि सांगितल्याप्रमाणे आठवडाभराने पुन्हा लावायचे. खोलीतल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, त्याच रात्री. चादरी, टॉवेल, आतले कपडे गरम पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून काही दिवस बाजूला ठेवायचे. म्हणून सल्ला घेताना खोलीत किती जण आहेत ते सांगा. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहू शकते, तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजू नका.

नायट्याचा घोळ वेगळा आहे. मेडिकलमधून आणलेल्या ‘तीन-चार औषधे एकत्र’ असलेल्या मलमात बरेचदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि त्याचे रूपही बदलते, त्यामुळे फोटोवरून ओळखणे अवघड होते. असे मलम लावले असेल तर ट्यूबचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

मला सिकलसेल आहे. गाव सोडून तालुक्याला शिकतो. काय उपयोग होईल?

टेलिमेडिसिनचा सगळ्यांत जास्त फायदा ज्यांना व्हावा, त्यांत तुम्ही आहात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाट या पट्ट्यात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बराच आहे. त्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरचे औषध) चालू असेल तर ठरावीक काळाने रक्ताची सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची) तपासणी लागते. ती ग्रामीण रुग्णालयात करून घ्या आणि रिपोर्ट दाखवून डोस ठरवण्याचे बोलणे व्हिडिओवर करा. हे औषध चालू असताना गर्भधारणा टाळायची असते, हे मुलामुलींनी दोघांनीही डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

ताप १०१ अंश फॅरनहाइट किंवा वर, छातीत दुखणे, धाप, एका बाजूला कमजोरी, घरच्या गोळीने न थांबणारे दुखणे यांत व्हिडिओ नको, थेट रुग्णालय. खोलीतल्या एका मित्राला हे आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा तुम्हाला बोलवेलच असे नाही.

सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आजार आहे. प्रमाणपत्रासाठी मात्र प्रत्यक्ष तपासणी लागते, ते व्हिडिओवर होत नाही.

हिमोग्लोबिन कमी आले. लोहाच्या गोळ्या सुरू करू का?

मुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात आणि त्याचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरताच आहे. पण या भागात सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करा, कारण सिकलसेलमध्ये लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देत नाहीत. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर फोनवर निभावून नेऊ नका. गोळी सुरू झाली तर चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौच काळी होते, घाबरून थांबवू नका.

पाळीचे दुखणे, उशिरा येणारी पाळी, गर्भनिरोधन: हे व्हिडिओवर विचारता येते का?

येते, आणि बहुतेक मुलींना ते समोरासमोरपेक्षा सोपे जाते. महिला डॉक्टर हव्या असतील तर तसे मागण्यात गैर काही नाही. तासाला एक पॅड भिजत असेल आणि ते दोन तासांहून जास्त चालू असेल तर मात्र रुग्णालयात जायचे.

असुरक्षित संबंधानंतरची आपत्कालीन गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, ती चिठ्ठीशिवाय मिळते. गर्भपाताच्या गोळ्या मात्र फोनवरून किंवा मेडिकलमधून आणून घेऊ नका. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत हे न पाहता त्या घेतल्या तर जिवावर बेतू शकते. १८ वर्षांवरील स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते, लग्न झालेले असो वा नसो, आणि तिची ओळख गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

मन ठीक नाही. कुठे फोन करू?

टेली-मानस, १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास आणि मराठीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञांशी जोडतात. इंटरनेट लागत नाही, साध्या फोनवरून चालते. म्हणून रेंज कमी असलेल्या गावात व्हिडिओपेक्षा हा मार्ग पक्का.

कोणी जीव देण्याबद्दल बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, खोलीतली कीटकनाशके हलवा आणि सोबत बसून हा नंबर लावा. काही घेतल्याची शंका असेल तर १०८, मग बाकी सगळे.

घरच्यांना किंवा कॉलेजला कळेल का?

तुम्ही १८ पूर्ण केले असतील तर तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर कोणाला सांगत नाहीत. गळती होते ती वेगळीकडून: पातळ भिंतीआडून ऐकू येते, घरच्या सामाईक मोबाइलवर ओटीपी येतो, चिठ्ठीची पीडीएफ डाउनलोडमध्ये पडून राहते. इयरफोन लावा, स्वतःच्या नंबरवर नोंदणी करा. अकरावी-बारावीत असाल आणि १८ पूर्ण नसतील तर बोलताना सोबत सज्ञान व्यक्ती असावी लागते, तसा नियम आहे.

कॉलेजमध्ये असे केंद्र सुरू करायचे आहे. काय लागते?

फार काही नाही. आठ बाय दहाची, दार लागणारी खोली. रुग्णाच्या तोंडावर समोरून उजेड पडेल अशी खुर्ची. खिडकी पाठीमागे आली तर डॉक्टरांना नुसती सावली दिसते. कॅमेऱ्याचा संगणक किंवा टॅब, हेडफोन, राउटरला लहान यूपीएस (वीज गेली तरी बोलणे चालू राहते). बीपी मशीन लहान-मोठ्या दोन पट्ट्यांसह, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, वजनकाटा, टॉर्च. डिजिटल स्टेथोस्कोप पहिल्याच वर्षी घेऊ नका, तो वापरायला शिकवणारा कोणी नसेल तर कपाटातच राहतो.

खरी गरज असते ती माणसाची. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी येणारी सिस्टर असली तरी केंद्र चालते. फक्त यंत्रे असली तर चार महिन्यांत खोलीत जुन्या उत्तरपत्रिका येऊन पडतात. सुरू करण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला: चिठ्ठीतले औषध कुठून मिळेल, ‘प्रत्यक्ष दाखवा’ म्हटल्यावर मूल कुठे पाठवायचे, गाडी कोणती. ही तीन उत्तरे नसतील तर केंद्र उघडू नका. नोंदवही कुलपात ठेवा आणि प्राचार्यांना फक्त आकडे कळवा, नावे नकोत.

व्हिडिओवरच्या चिठ्ठीवर मेडिकलवाला औषध देत नाही. कॉलेजही रजा मान्य करत नाही.

नोंदणी क्रमांक आणि सही असलेली ई-चिठ्ठी औषध दुकानात चालते. अडले तर प्रिंट काढून न्या, वाद मिटतो. दोन-तीन दिवसांच्या रजेला कॉलेजांनी ही चिठ्ठी ग्राह्य धरावी असे आमचे मत आहे. नाहीतर आजारी मुलगा शिक्क्यासाठी तालुक्याला जातो आणि सगळा उपयोगच संपतो. फिटनेसचे प्रमाणपत्र मात्र डॉक्टर न तपासता देणार नाहीत, आणि ते बरोबर आहे.

समोरचे डॉक्टर खरे आहेत का, हे कसे ओळखू?

पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो आणि डॉक्टरांबद्दलची तक्रारही कौन्सिलकडेच करायची असते. ई-संजीवनीत पैसे लागत नाहीत. ‘नंबर लवकर लावून देतो’ म्हणून कोणी पैसे, यूपीआय पिन किंवा ओटीपी मागितला, किंवा अ‍ॅपची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.